काकूंचा पाव्हणा

काकू घरातसुद्धा पाय उचलून चालत नसत. तळवा फरशीला टेकवूनच पुढं सरकवायचा, अंदाज घ्यायचा, मग त्यावर भार द्यायचा. वरच्या खोलीत मला त्यांचं चालणं ऐकू यायचं, कुणीतरी धान्याचं पोतं ओढत नेतंय असं. मला वाटलं, गुडघे गेले असतील. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "गुडघे बराबर हायेत माझे. पण पाण्याखाली काय बसलंय ते दिसतंय का तुला? पाय उचलून टाकला आन काट्याच्या माशावर पडला म्हंजे?"

हे त्या नवीन जालन्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात, ऐन एप्रिलमध्ये, कोरड्या ठणठणीत फरशीवर उभ्या राहून सांगत होत्या. त्या आठवड्यात अख्ख्या गल्लीत कुणाच्याच नळाला पाणी आलं नव्हतं.

मी जाफराबादची. बियाण्यांच्या एका कंपनीत ऑफिसचं काम मिळालं आणि स्टेशनच्या बाजूला खोली शोधत शोधत काकूंच्या दारात पोचले. वर एक खोली रिकामी, खाली त्या एकट्या. त्यांचे यजमान, काका, हवामान खात्यात होते. नोकरीतली पुष्कळ वर्षं त्यांनी लक्षद्वीपच्या एका बेटावर काढली आणि रिटायर झाल्यावर हे घर बांधलं. मी आले तेव्हा काका जाऊन बराच काळ लोटला होता. काकू मूळच्या जांब समर्थजवळच्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या लेक. लग्नापर्यंत गुडघाभर पाण्यातसुद्धा कधी उतरल्या नव्हत्या, आणि लग्न झाल्यावर एकदम चारी बाजूंनी पाणी असलेल्या जागी जाऊन पडल्या.

खोली देताना त्यांनी एकच अट घातली. "पुढच्या खोलीत यायचं तर खुशाल ये. पण निघताना पाठ दाखवायची न्हाई. तोंड तिकडं ठिवून मागं मागं यायचं."

मला वाटलं, देवघर असेल.

देवघर नव्हतं. बैठकीची खोली होती, पण तिच्यात सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. खिडक्यांना जाड पडदे, भिंतीवर एसी चालू, आणि आत पाऊल टाकल्याबरोबर एक वास. ओला, खारट, थोडा लोखंडासारखा. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. तरी तो वास कशाचा ते मला कळलं, आणि आपल्याला हे कसं कळलं याचंच जरा भय वाटलं. एका भिंतीला लागून काचेची टाकी होती, माणूस आडवा झोपू शकेल एवढी लांब. आत निळसर उजेड, दगडांची रास, त्या राशीत एक भगदाड. मासा नाही, झाड नाही, काही नाही.

"पाव्हणा आतमधी हाये," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "थांब जरा. आधी ते बघतंय तुला."

बऱ्याच वेळानं भगदाडातून एक नांगी बाहेर आली. थोडी थांबली. मग बाकीचा आला. शेतातले, ओढ्यातले खेकडे मी लहानपणापासून पाहिले होते. काळपट, माणूस दिसला की तिरके पळणारे. हा पळत नव्हता. घाई म्हणून काही त्याच्यात नव्हतीच. हाताच्या पंजाएवढी रुंद पाठ, घासून चमकवल्यासारखी गुळगुळीत, फिक्या विटकरी रंगाची. आणि तिच्यावर काळपट तांबडे मोठे ठिपके. काही डोळ्यांच्या मागं, काही पाठीच्या मधोमध, काही खालच्या कडेला. नक्षी वाटावी असे नव्हते ते. कुणीतरी ओल्या, भरलेल्या बोटांनी त्याला गच्च धरलं असावं आणि बोटं सुटल्यावर ठसे तसेच राहिले असावेत, असे होते.

काकूंनी काचेवर तळहात ठेवला आणि बोटं पसरली. खेकडा सरकत सरकत काचेच्या पलीकडं नेमका त्या हाताखाली येऊन थांबला. बोटं आणि ठिपके जवळजवळ जुळले. फक्त उजव्या हाताची मधली दोन बोटं तेवढी जुळली नाहीत. ती सांध्यापासून वाकडी होती, एकमेकांवर चढलेली.

निघताना मी अट विसरले आणि पाठ फिरवली. काकूंनी माझा दंड धरून मला परत वळवलं. रागानं नाही. रस्त्यात गाडी येताना लेकराला मागं ओढावं तसं.

तो पाव्हणा काकांनी आणला होता. बेट सोडून आल्यावर काकूंची झोप उडाली. जालन्याची रात्र फार मुकी आहे, म्हणायच्या. बेटावर घराच्या दोन्ही बाजूंनी लाटेचा आवाज यायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, जांबला जाऊन आल्या, काही उपयोग नाही. काका शांत माणूस. त्यांनी कुठूनकुठून चौकशा करून ही टाकी बसवून घेतली, समुद्राचं पाणी तयार करायचं मीठ मागवलं, ते मोजायचं काचेचं यंत्र आणलं. मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थर्माकोलच्या खोक्यात दगड आले. त्या दगडांबरोबर हा आला. मागवलेला नव्हता, सापडला. खोकं उघडल्यावर काका म्हणाले, याला परत पाठवू. काकूंनी खोक्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "न्हाई. हे माझ्यासाठी आलंय."

त्या रात्रीपासून त्यांना झोप लागायला लागली.

काकूंच्या स्वयंपाकघरात मिठाच्या दोन बरण्या असत, एक माणसांची, एक टाकीची, आणि त्यांना हात लावायची मला परवानगी नव्हती. स्वतः शाकाहारी, एकादशी करणाऱ्या. पण पाव्हण्यासाठी बाजारातून कोळंबी आणायच्या, चिमट्यानं धरून एकेक त्याच्या पुढ्यात ठेवायच्या आणि मग अंघोळ करायच्या. त्याला खरी आवड होती शिंपल्या-गोगलगाईंची. आमच्याकडं पावसाळ्यात सोयाबीनवर गोगलगाई पडतात, शेतकरी मेटाकुटीला येतो. हे मी काकूंना सांगितलं आणि फसले. तेव्हापासून गावाकडून येताना फवारणी नसलेल्या बांधावरच्या गोगलगाई डब्यात घालून आणणं माझ्याकडं लागलं. एसटीत मी तो डबा मांडीवर घेऊन बसायची. आतून त्यांचं सरकणं हाताला कळायचं.

तो त्या फोडायचा तेव्हा वर माझ्या खोलीत आवाज यायचा. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. पहिले काही महिने मी दचकायची. नंतर आवाज आला नाही की दचकायला लागले.

आणखी एक गोष्ट होती. दिवसातून दोनदा काकू जमिनीवरच्या वस्तू वर उचलून ठेवायच्या. चपला खुर्चीवर, पिठाचा डबा ओट्यावर, पायपुसणं खिडकीच्या गजाला. काही तासांनी सगळं परत खाली. वेळ रोज वेगळी, आदल्या दिवसापेक्षा थोडी उशिराची. मी विचारलं तर सहज म्हणाल्या, "भरती लागली तिकडं."

"पण काकू, इथं कुठं पाणी आलं?"

"पाणी येतंय का न्हाई ते आपण ठरवावं का?"

मी एकदा मोबाइलवर त्या बेटाच्या भरतीच्या वेळा काढल्या. त्या दिवशी काकूंनी चपला उचलल्या तेव्हा मनगटावरचं घड्याळ पाहिलं. वेळ जुळली होती. मग पुन्हा कधी मोबाइलवर काढल्या नाहीत. काकूंच्या घरात घड्याळ एकच होतं, स्वयंपाकघरात, आणि ते बंद होतं. मग वेळ त्यांना कोण सांगायचं? मी टाकीकडं लक्ष ठेवलं. भगदाडातून तो बाहेर येऊन दगडाच्या टोकावर चढायला लागला की पाठोपाठ काकूंचे पाय घासत चपलांकडं जायचे. असं म्हणतात की किनाऱ्यावरच्या जनावरांना भरती-ओहोटी आतून कळते, समुद्रापासून लांब नेलं तरी. असेल. हा तर मुंबईच्या खोक्यातून आलेला. त्याला नेमक्या त्याच बेटाची भरती कशी कळायची, हे मात्र मला कुणी सांगू शकलेलं नाही.

वर्षभरानं माझ्या ध्यानात आलं की भरतीच्या वेळेला वरच्या खोलीत माझ्याही चपला कॉटवर असतात.

टाकीतलं जुनं पाणी काकू मागच्या अंगणात ओतायच्या. तिथं जमिनीचा एक तुकडा पांढरा पडला होता, वर पापुद्रा धरलेला. त्याच्यावर गवत नाही, मुंगी नाही. कुत्रंही त्याला वळसा घालून जायचं. एका उन्हाळ्यात भिंतीपलीकडं शेजारच्या वहिनींचा कढीपत्ता वाळला आणि त्या तरातरा आल्या.

"काकू, गल्लीतले लोक टँकरपुढं भांडून राह्यले आन तुम्ही घरात समुद्र पाळून बसल्या? कशाला म्हणते मी? त्या किड्यासाठी?"

काकूंनी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "माझ्या वाट्याच्या टँकरमधलं निम्मं तू घेऊन जात जा आजपासून. मला एक बादली बिलकुल बास होते. पण त्याचं पाणी मागू नको, माय. त्याचं पाणी कमी झालं तर ते दुसरीकडून घेईल."

"दुसरीकडून म्हणजे?"

काकू रिकामा पेला उचलून आत गेल्या. वहिनी निम्मं पाणी न्यायला कधीही आल्या नाहीत. कढीपत्त्याचं नावही पुन्हा काढलं नाही.

त्या बोटांची गोष्ट काकूंनी मला एका रविवारी सांगितली, सकाळी, तांदूळ निवडता निवडता. नजर ताटातच होती.

"ह्यांची ड्युटी असायची. मी घरात. तिथली बोली मला येईना, माझी त्यांना कळंना. माझी पोरगी, ताई, तेवढी पाच वर्षांची. मंग तिथल्या बाया ओहोटीला खडकावर जायच्या, कवड्या वेचायला, त्यांच्या मागं मागं मी पण जायले. हातात पोरगी. पाणी सरकलं की मैलभर खडक उघडा पडतोय, पोवळ्याचा. रंग बघशील तर खुळी होशील. एका दिवशी बाया पुढं गेल्या. मला एका कपारीत शंख दिसला. हात घातला. आन त्यानं धरलं."

"कुणी?"

"ह्यानंच." पुढच्या खोलीकडं हनुवटी गेली. "असल्याच एकानं. ठिपके दिसले मला. ही दोन बोटं धरली. ओढली, निघंनात. मंग पाणी यायलं. आधी घोट्याला, मंग पोटरीला. मी तर वाकलेली, त्यामुळं माझ्या तोंडाशी लवकर आलं. पोरीला म्हणले, पळ. ती हलंना."

"तुम्ही ओरडला नाहीत?"

काकूंनी ताट खाली ठेवलं. "तेच तर सांगून राह्यले. दुखलं असतं तर वरडले असते. दुखलं न्हाई, पोरी. कुणीतरी हात धरून बसलंय आन म्हणतंय, थांब, जाशील सावकाश. त्या बेटावर तवर मला कुणी थांब म्हणलं न्हवतं. पाणी हनुवटीला लागलं तवा त्यानं सोडलं. आपणहून. मी पोरीला खांद्यावर घेतलं आन पाय घासत घासत आले. त्यानं सोडलं म्हणून मी हाये. हे सगळं, हे घर, तू, हे तांदूळ, त्यानं सोडलं म्हणून."

मग त्यांनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. संभाजीनगरला बँकेत होती. महिन्यातून एक-दोन रविवार यायची. नेहमी मागच्या दारानं. पुढच्या खोलीत मी तिला कधी पाहिलं नाही. स्वयंपाकघरात आईशी बोलायची, तिचं औषधपाणी बघायची आणि मग मागच्या पायरीवर त्या पांढऱ्या जमिनीकडं बघत बसायची. एकदा आम्ही दोघी तिथं चहा घेत होतो. मी सहज म्हणाले, "ताई, तुम्हाला आठवतं का हो ते? काकूंची बोटं खेकड्यानं धरली होती ते?"

ताईनं कप पायरीवर ठेवला.

"आईनं तुला पण सांगितलं?"

"हो."

"खेकडा नव्हता," ताई म्हणाली. "पाणी काचेसारखं होतं गं. मी वाकून पाहिलं होतं. कपारीत काही नव्हतं, खाली पांढरी वाळू. तिनंच खडक धरून ठेवला होता. बोटं अशी आत खुपसून. मी तिला ओढत होते, आई चल, आई चल. तिनं माझ्याकडं पाहिलं. लोकांच्या लेकराकडं बघावं ना, तसं. मग दुसऱ्या हातानं माझी बोटं सोडवली. एकेक करून."

मी तिच्याजवळ सरकले.

"पाणी माझ्या छातीपर्यंत आलं होतं. एक बाई पळत आली तिकडून. खडकावरचे शिंपले काढायची लोखंडी सळई असते ना, ती होती तिच्या हातात. आधी ओढून पाहिलं, मग त्या सळईनं तिची बोटं उपटली खडकावरून. मोडलीच दोन बोटं. ती दोन बोटं खेकड्यानं नाही मोडली. त्या बाईनं मोडली, तेव्हा आईनं सोडलं." ताईनं चहा उचलला, प्यायला नाही. "बाबांना ती खेकडा म्हणाली. त्यांनी ते मान्य केलं. बाबांचा स्वभावच तसा. मला कुणी विचारलंच नाही."

"तुम्ही लहान होता, ताई. कदाचित..."

"कदाचित," ताई म्हणाली. "मी रोज तेच म्हणते स्वतःला."

त्यानंतरचा मे. वादळानं विजेचे खांब पडले आणि सकाळपासून लाइट नव्हती. ऑफिसात बसवेना म्हणून साहेबांनी दुपारी सोडून दिलं. घरी आले तर पुढचं दार सताड उघडं. आतला एसी बंद, इन्व्हर्टर कधीचा संपलेला, खोलीत वाफ कोंडलेली. टाकीत बर्फाच्या बाटल्या तरंगत होत्या, अर्ध्या वितळलेल्या. काकू टाकीशी उभ्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात, पंजा त्या भगदाडाच्या आत.

"काकू?"

त्यांनी मान वळवली. डोळे माझ्यावर होते, पण मला बघत नव्हते.

"पोरीला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "जल्दी. पाणी चढून राह्यलं."

"काकू, मी आहे. हात काढा बाहेर."

"मला सोडत न्हाई ते. तू पोरीला घे. ती ऐकंना माझं, किती सोडवलं तिला, धरूनच बसली. घे ना गं माय तिला!"

मी पळत जाऊन त्यांचा दंड धरला आणि ओढला. हात निघेना. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा हात, मी अंगानं धडधाकट, दोन्ही हातांनी ओढतेय आणि तो हात तसूभर हलत नव्हता. मनगटाची शीर ताणून वर आली होती. आत काहीतरी तितक्याच जोरानं पलीकडं ओढत होतं. मी खेकड्याला हाकलायला म्हणून वाकून काचेतून पाहिलं.

खेकडा तिथं नव्हता. तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यात, काचेला टेकून बसला होता. नांग्या मिटलेल्या. भगदाडात काकूंचा हात तेवढा होता. बोटं पसरलेली. त्यांनी दगड धरला नव्हता. त्यांना कुणी धरलं नव्हतं. आणि हात निघत नव्हता.

मी ओरडले असेन, कारण शेजारच्या वहिनी दारात आल्या. आत मात्र आल्या नाहीत. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग काकूंचा खांदा सैल पडला, "चला," असं त्या कुणाला तरी म्हणाल्या, आणि हात आपोआप वर आला, पाण्यातून लाकूड वर यावं तसा. त्या वाकड्या बोटांवर, सांध्याच्या खाली, आडवा लाल वळ होता.

संध्याकाळी मी ताईला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"खेकडा कुठं होता?"

"कोपऱ्यात. लांब."

"बरं," ताई म्हणाली. आणि मग, "आई काय म्हणाली म्हणालीस? पोरीबद्दल?"

मी परत सांगितलं. पोरीला घेऊन जा, किती सोडवलं तिला, धरूनच बसली.   पलीकडून ताईचा श्वास ऐकू आला, आणि फोन कट झाला.

काकू पावसाळा संपता संपता गेल्या. छातीत पाणी झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं, छातीत पाणी झालंय, आणि काकूंनी मान डोलावली, आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यानं सांगावी तशी. सुईनं काढलं, पुन्हा भरलं. शेवटच्या दिवशी दुपारी ताई त्यांच्याजवळ होती, मी कपडे न्यायला घरी आले होते. टाकीपाशी थांबले. पाव्हणा पुढच्या काचेवर उभा होता, पोट काचेला लावून, दोन्ही नांग्या पसरून. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी बघत असतानाच तो एकदम खाली उतरला, भगदाडात गेला आणि आत जाताना पाठमोरा गेला नाही, तोंड माझ्याकडं ठेवून मागं मागं सरकला. तेवढ्यात फोन वाजला. मी उचलायच्या आधीच मला माहीत होतं.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. घरात ताई आणि मी. पाव्हण्याला खायला मी घालत होते. ताई म्हणाली, घर विकायचं नाही इतक्यात, तू रहा. मी म्हणाले, मग ह्याचं काय करायचं? ताई उठली. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली, तिथं थांबली. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा आत गेली.

दुपारची वेळ होती. तिनं बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. पदर खोचला. मला वाटलं टाकी साफ करणार.

"ताई, तो चावतो. नांगी फार जोरदार आहे त्याची."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि हात पाण्यात घातला. भगदाडाशी नेला, बोटं आत घातली, आणि उभी राहिली.

"ताई, काढा हात. काय करताय?"

"मला बघायचंय." तिचा आवाज अगदी शांत होता, बँकेत बोलतात तसा. "इतकी वर्षं मी म्हणतेय खेकडा नव्हता. मला खोटं ठरायचंय गं. एकदा तरी. धरू दे त्याला."

तो आला नाही. आम्ही वाट बघत राहिलो. पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ फरशीवरून सरकत भिंतीवर चढली. ताईनं हात काढला नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मध्येच म्हणाली, "ये ना रे." अगदी हळू.

मग आतला अंधार हलला. नांगी पुढं आली. ताईच्या बोटांना आधी चाचपलं, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, ओळख पटवल्यासारखं. आणि मधलं बोट धरलं.

टक् असा आवाज झाला. तोच.

ताईच्या तोंडून किंकाळी निघाली आणि त्या किंकाळीतच ती हसायला लागली. "धरलं! धरलं गं! बघ, बघ ना, धरतंय! खरंच धरतंय!" पाण्यात तांबडा धागा वर चढत होता. मी तिचा दंड ओढायला गेले तर तिनं मला दुसऱ्या हातानं ढकललं, तो हात मोकळा होता आणि त्यात एवढी ताकद होती की मी भिंतीवर आदळले. "दुखतंय," ती म्हणत होती, "दुखतंय गं, फार दुखतंय." हसतच होती.

किती वेळानं त्यानं सोडलं ते मला सांगता येणार नाही. सोडलं, आणि सावकाश आत गेला.

टाकी पुढं महिन्याभरात ताईनं संभाजीनगरला नेली, टेम्पोत स्वतः टाकीशेजारी बसून. पाव्हणा तिच्याकडंच आहे. बरा आहे, म्हणते. तिला झोपही चांगली लागते. मी त्या घरात अजून राहते. मागच्या अंगणात आता थोडं गवत यायला लागलं आहे, सगळीकडं नाही.

पण त्या दुपारी मी तिला रिक्षात घालून स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांकडं नेलं. बोटाचं हाड मोडलं होतं, नख गेलं होतं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखम धुतली, बोट उजेडात वळवून पाहिलं आणि कपाळाला आठी घालून विचारलं, "हे कशात सापडलं होतं? मशिनमध्ये?"

"नाही," ताई म्हणाली. चेहरा पांढराफटक होता, पण इतका सुखी चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. "आईनं धरलं होतं. सोडतच नव्हती."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खेकडा म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.